पुढचा मॅनेजर निवडताना ट्रॉफ्या मोजू नका, त्याचा अडचणीचा हंगाम बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. हंगाम अर्ध्यावर असताना फुटबॉल क्लबने मॅनेजरला काढलं आणि चाहत्यांमध्ये तीन तट पडले. पहिल्या तटाला क्लबचा माजी कर्णधार हवाय, जो सध्या क्लबच्याच युवा संघाला शिकवतो. दुसऱ्या तटाला ढीगभर ट्रॉफ्या जिंकलेला आणि सध्या मोकळा असलेला मोठा मॅनेजर हवाय. तिसऱ्याला एका लहान लीगमध्ये आक्रमक फुटबॉल खेळवून नाव कमावलेला तरुण प्रशिक्षक हवाय. तिघांपैकी कोण, आणि हे ठरवायचं कसं, असं विचारलंय.

मी बरीच वर्षं प्रशिक्षक म्हणून काम करतोय. आधी वयोगटांचे संघ होते, नंतर वरिष्ठ. प्रतिस्पर्ध्यांचे सामने पुन्हा पुन्हा बघून त्यांच्या सवयी टिपून ठेवणं हे माझं रोजचं काम. मॅनेजरची निवड चुकली की क्लबची दोन-तीन वर्षं सहज जातात, आणि त्याबरोबर चार-पाच खेळाडूंची ऐन उमेदीची वर्षंही जातात. याचं मला जास्त वाईट वाटतं. म्हणून सविस्तर लिहितोय.

तिन्ही तटांकडे भक्कम उदाहरणं आहेत, आणि म्हणूनच हा वाद संपत नाही. माजी खेळाडूचा आग्रह धरणारा झिदानचं नाव घेईल. जानेवारी २०१६ मध्ये त्याने रेआल माद्रिदची सूत्रं घेतली आणि लागोपाठ तीन चॅम्पियन्स लीग (युरोपातली क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा) जिंकल्या. समोरचा लगेच पिर्लो काढेल. वरिष्ठ संघाला कधीच न शिकवलेल्या पिर्लोला युव्हेंटसने ऑगस्ट २०२० मध्ये नेमलं, सलग नऊ वर्षं लीग जिंकणारा संघ चौथा आला, आणि इटालियन कप जिंकूनही तो हंगामाच्या शेवटी गेला. मोठ्या नावाच्या बाजूने अँचेलोटी आहे. तो २०२१ मध्ये माद्रिदला परतला आणि २०२२ व २०२४ ची चॅम्पियन्स लीग जिंकला. विरुद्ध बाजूला टॉटनहॅममधला मोरिन्यो आहे, ज्याला एप्रिल २०२१ मध्ये लीग कपच्या अंतिम सामन्याला जेमतेम आठवडा उरला असताना काढलं. तरुण प्रशिक्षकांचंही तसंच. एका उदाहरणाला दुसरं तयारच असतं.

माझ्या मते गाडी इथे अडते, कारण "माजी कर्णधार", "मोठं नाव", "तरुण" ही माणसाची ओळख झाली. त्यावरून तो मंगळवारी सकाळी सरावाच्या मैदानावर काय करतो ते कळत नाही. मी कोणत्याही उमेदवाराबद्दल एकच प्रश्न आधी विचारतो: हाताशी मनासारखे खेळाडू नसताना या माणसाने काय केलं? बाकीचे सगळे प्रश्न मला यानंतरचे वाटतात. आणि हंगामाच्या मध्यावर येणाऱ्या माणसासाठी तर हाच प्रश्न खरा. त्याला तुमचाच, आत्ता गुणतक्त्यात खाली घसरलेला संघ मिळणार आहे. जानेवारीच्या ट्रान्सफर विंडोत फार तर एक-दोन खेळाडू मिळतील. बाकी हेच चेहरे, हीच दुखापतींची यादी.

या कसोटीवर सरळ उतरणारं उदाहरण म्हणजे चेल्सीतला टुखेल. २६ जानेवारी २०२१ ला त्याची नेमणूक झाली आणि दुसऱ्याच दिवशी वुल्व्ह्जशी सामना होता. संघ त्याने निवडलेला नव्हता, खेळाडूंची नीट ओळखही झालेली नव्हती. त्याने मागे तीन सेंटर-बॅक, म्हणजे मधले बचावपटू, ठेवले. आधीचा मॅनेजर लॅम्पार्डच्या काळात बाजूला पडलेल्या रुडिगरला आत घेतलं आणि आस्पिलिक्वेता, थियागो सिल्वा या अनुभवी माणसांना त्याच्याबरोबर उभं केलं. सामना ०-० सुटला आणि बघायला फारसा रंजक नव्हता, पण बहुतेक वेळ चेंडू चेल्सीकडेच होता. थियागो सिल्वा तेव्हा ३६ वर्षांचा होता. त्याचा खेळ वाचण्याचा आवाका अफाट, पण मोकळ्या मैदानात पंचविशीतल्या आघाडीवीरामागे धावायला लावलं तर तो उघडा पडणार. दोन्ही बाजूंना एकेक बचावपटू दिल्यावर त्याचं धावण्याचं काम कमी झालं आणि वाचण्याचं काम उरलं. हातात जे आहे त्यातलं बलस्थान ओळखायचं आणि दुबळेपणा झाकायचा, तेही एका दिवसात. त्याच वर्षी २९ मे रोजी पोर्तोमध्ये मँचेस्टर सिटीला १-० हरवून चेल्सी युरोपचा विजेता झाला.

आता तीन सेंटर-बॅकचीच रचना, पण दुसऱ्या टोकाने बघू. रुबेन अमोरिम नोव्हेंबर २०२४ मध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबमधून मँचेस्टर युनायटेडला आला. तो वाईट प्रशिक्षक आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. स्पोर्टिंगला त्याने २०२१ मध्ये १९ वर्षांनी लीग जिंकून दिली आणि २०२४ मध्ये पुन्हा. पण तिथे त्याच्या ३-४-३ साठी (तीन बचावपटू, चार मधले, तीन आघाडीचे) खेळाडू वर्षानुवर्षं गोळा केले गेले होते. युनायटेडचा संघ चार जणांच्या बचावफळीसाठी आणि दोन विंगरसाठी (कडेने हल्ला करणाऱ्यांसाठी) बांधलेला. त्याने पहिल्या सामन्यापासून तीच रचना लावली आणि तीच धरून ठेवली. २०२४-२५ चा हंगाम युनायटेडने ४२ गुणांवर, पंधराव्या स्थानावर संपवला.

हे इतकं अवघड का जातं, ते सरावात जवळून बघितल्याशिवाय पटत नाही. चार जणांच्या फळीत वाढलेला फुल-बॅक, म्हणजे कडेचा बचावपटू घ्या. प्रतिस्पर्ध्याच्या फुल-बॅककडे चेंडू गेला की त्याच्यावर धावून जाणं हे आपल्या विंगरचं काम, आणि आपला फुल-बॅक मागे थांबून समोरच्या विंगरला धरून ठेवतो. त्याने हे पोरवयापासून केलंय. आता त्याला विंग-बॅक केलं, म्हणजे अख्खी कड एकट्याला दिली, की धावून जायचं काम त्याच्यावर येतं. समोरच्या विंगरला पाठीमागे सोडून त्याने पुढे झेप घ्यायची, आणि सोडलेल्या विंगरला कडेच्या सेंटर-बॅकने सरकत येऊन ताब्यात घ्यायचं. फळ्यावर हे दोन बाणांत समजावता येतं. मैदानावर मात्र तो निघताना एकदा खांद्यावरून मागे बघतो: विंगर कुठे आहे? तेवढ्यात अर्धं पाऊल उशीर होतो. प्रतिस्पर्धी फुल-बॅकला मान वर करून पास शोधायला वेळ मिळतो. तिकडे सेंटर-बॅकही बिचकतो, कारण गोलसमोरची जागा सोडून रेषेपर्यंत बाहेर जायचं त्याच्या अंगवळणी पडलेलं नसतं. दोघेही अर्धं अर्धं काम करतात आणि विंगर दोघांच्या मधे मोकळा उभा असतो. अशा वेळी खेळ थांबवून "तुझ्या मागचा विंगर आता तुझा नाही, तू जा" हे तेवढ्याच शांतपणे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. मान मागे न वळता पाय पुढे पडेपर्यंत आठवडे जातात.

आणि हंगामाच्या मध्यावर आठवडे असतात कुठे? रविवारी सामना झाला की सोमवारी खेळलेल्यांना हलका व्यायाम आणि मालीश. मंगळवारी अर्धा-पाऊण तास पुढच्या प्रतिस्पर्ध्याची तयारी, तीही बरीचशी चालत चालत, कारण पाय जड असतात. बुधवारी पुन्हा सामना. युरोपात खेळणाऱ्या संघाला पूर्ण ताकदीचा, शिकण्याचा सराव महिन्यात मोजकेच दिवस मिळतो. म्हणून मधेच येणाऱ्या माणसाची पद्धत कितीही सुंदर असो, खेळाडूंच्या सध्याच्या सवयींपासून ती किती लांब आहे हे बघायलाच हवं. अंतर जास्त असेल तर त्याला उन्हाळ्यात आणा. तोच माणूस, तीच पद्धत, पण सहा आठवड्यांचा हंगामपूर्व सराव मिळाला की चित्र बरंच बदलतं.

आर्ने स्लॉटची गोष्ट मला या बाबतीत फार बोलकी वाटते. जानेवारी २०२४ मध्ये क्लॉपने लिव्हरपूल सोडत असल्याचं जाहीर केलं तेव्हा बहुतेक चाहत्यांच्या तोंडी एकच नाव होतं, झाबी अलोन्सो. लिव्हरपूलचा जुना खेळाडू, आणि त्या वर्षी लेव्हरकुसेनला एकही सामना न हरता बुंडेसलिगा (जर्मन लीग) जिंकून देणारा प्रशिक्षक. भावना आणि कामगिरी दोन्ही एकाच माणसात. अलोन्सोने लेव्हरकुसेनमध्येच थांबायचं ठरवलं आणि क्लबने फेयेनूर्डच्या स्लॉटला आणलं. अनेकांना हे दुसऱ्या पसंतीचं नाव वाटलं. पण त्याचा मागचा हिशोब बघा. २०२२ मध्ये फेयेनूर्ड कॉन्फरन्स लीगची अंतिम फेरी खेळला, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात सिनिस्तेरा, मलासिया, सेनेसी, आउर्सनेस असे मुख्य खेळाडू विकले गेले. संघाचा कणाच निघून गेला. पुढच्याच हंगामात, २०२२-२३ मध्ये, स्लॉटने नव्या माणसांना घेऊन डच लीग जिंकली. हा झाला अडचणीचा हंगाम. लिव्हरपूलमध्ये पहिल्या उन्हाळ्यात त्याला लगेच खेळवण्याजोगा नवा खेळाडू मिळाला तो एकटा किएझा. त्याने तक्रार केली नाही. क्लॉपच्या संघातला ग्राव्हेनबर्ख, ज्याला आधी नियमित जागा नव्हती, त्याला मधल्या फळीत सर्वांत मागे खेळवलं आणि त्याच्याभोवती संघाचा वेग थोडा कमी केला. २०२४-२५ ची प्रीमियर लीग (इंग्लंडची पहिल्या स्तराची लीग) त्याने पहिल्याच वर्षी जिंकली.

कोंपनीचं उदाहरण वेगळ्या कारणाने लक्षात ठेवा. बर्नलीला त्याने इंग्लंडच्या दुसऱ्या स्तराच्या लीगमध्ये १०१ गुणांनी विजेतं केलं आणि पुढच्याच वर्षी प्रीमियर लीगमध्ये त्याच पद्धतीने खेळताना २४ गुणांवर संघ खाली, म्हणजे पुन्हा दुसऱ्या स्तरात गेला. त्याच उन्हाळ्यात बायर्न म्युनिकने त्याला नेमलं. तेही प्रशिक्षक राल्फ रांगनिकने जाहीरपणे नकार दिल्यानंतर. तेव्हा उडालेली खळबळ आठवत असेल. २०२४-२५ ची बुंडेसलिगा बायर्नने जिंकली. मागून खेळ उभा करण्याची आणि बचावफळी उंच ठेवण्याची पद्धत बर्नलीच्या खेळाडूंना पेलवत नव्हती, ती बायर्नच्या खेळाडूंना पेलली. म्हणजे "खाली गेलेल्या संघाचा मॅनेजर" हे लेबल पाहून माणसाला बाद करणं चूक. पण तुमचा क्लब बायर्नसारखा आहे की बर्नलीसारखा, याचं प्रामाणिक उत्तर आधी द्यावं लागतं. ते द्यायला चाहते सहसा तयार नसतात, कारण प्रत्येकाच्या डोक्यात आपल्या क्लबचं सर्वांत चांगलं वर्षच घर करून बसलेलं असतं.

उनाई एमेरीचा प्रवास दाखवतो की माणूस तोच राहतो, घर बदलतं. आर्सेनलने त्याला नोव्हेंबर २०१९ मध्ये काढलं. त्याने व्हियारेआलला २०२१ ची युरोपा लीग जिंकून दिली. मग नोव्हेंबर २०२२ मध्ये तळाशी धडपडणाऱ्या ॲस्टन व्हिलाला तो त्या हंगामात सातव्या, पुढच्या हंगामात चौथ्या स्थानावर घेऊन गेला. त्याचा तपशिलात शिरण्याचा स्वभाव, तासन् तास चालणाऱ्या व्हिडिओ बैठका, हे सगळं आर्सेनलमध्येही होतं. व्हिलामध्ये ते ऐकून घेणारा संघ आणि पाठीशी उभा राहणारा क्लब मिळाला.

हे चाहत्याने घरबसल्या कसं तपासायचं? हायलाइट बघून काही कळत नाही. तीन मिनिटांच्या चित्रफितीत प्रत्येक संघ आक्रमकच दिसतो. उमेदवाराचे तीन पूर्ण सामने शोधा: एक वाईट हरलेला, एक आपल्यापेक्षा बलाढ्य संघाच्या मैदानावरचा, आणि एक ज्यात त्याचा मुख्य खेळाडू नव्हता. त्यात मी सर्वांत आधी बघतो ती गोल खाल्ल्यानंतरची दहा मिनिटं. संघ आपला आकार टिकवतो की सगळे एकाच वेळी पुढे पळतात? मध्यंतरानंतर काही बदललेलं दिसतं का? कॅमेरा चेंडूमागे जातो, पण तुम्ही चेंडूपासून लांब बघा. त्याचा संघ हल्ला करत असताना मागे किती जण थांबलेत आणि कुठे थांबलेत, यावरून प्रशिक्षकाचं बरंचसं काम कळतं. चेंडू गेल्यावर पहिला खेळाडू लगेच झडप घालतो आणि बाकीचे त्याच्याभोवतीच्या पासच्या वाटा बंद करतात, की एकटाच धावतो आणि बाकीचे हात वर करून बघत राहतात? आणि बदली खेळाडू. साठाव्या मिनिटाला जागेच्या जागी माणूस बदलणं कोणालाही जमतं. बदलातून खेळाची दिशा बदलली, असं कितीदा दिसतं? या गोष्टी बजेटवर अवलंबून नसतात, म्हणून लहान लीगमधल्या माणसालाही या मापाने मोजता येतं. दुरून डोंगर साजरे दिसतात. तीन पूर्ण सामने बघितले की त्यातले दगडधोंडे दिसायला लागतात.

आकडे बघायचे तर निकालांच्या आधी संधींचे बघा. क्लॉपचा डॉर्टमुंडमधला शेवटचा हंगाम, २०१४-१५, बाहेरून पडझडीचा होता. संघ मधे काही काळ तळाला होता आणि शेवटी सातवा आला. लिव्हरपूलच्या संशोधन विभागाने, तेव्हा इयान ग्रॅहम त्याचे प्रमुख होते, त्या हंगामातल्या संधींचा हिशोब केला आणि डॉर्टमुंड खेळला त्या मानाने निकाल फार वाईट लागले, असं दिसून आलं. माणूस संपलेला नव्हता, चेंडू जाळ्यात जात नव्हता. ऑक्टोबर २०१५ मध्ये तो लिव्हरपूलला आला, पुढचं सांगायला नको. आज एक्सजीचे (संधींच्या दर्जावरून किती गोल व्हायला हवे होते, त्या अंदाजाचे) आकडे कोणालाही मिळतात. एका सामन्याचे पाहून निष्कर्ष काढू नका, पण वीस-तीस सामन्यांचे पाहिले तर ते बरंच सांगतात.

नव्या मॅनेजरच्या पहिल्या महिन्यावर मात्र विसंबू नका. नव्याचे नऊ दिवस हे फुटबॉलला तंतोतंत लागू पडतं. क्लब मॅनेजरला काढतात ते सर्वांत वाईट टप्प्यावर, जेव्हा नशीबही उलटं फिरलेलं असतं. तिथून निकाल थोडेफार सुधारणारच होते, कोणीही आलं असतं तरी. डच लीगवर अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला तेव्हा तेच निघालं: हंगामात प्रशिक्षक बदललेल्या संघांची सुधारणा ही तितक्याच वाईट टप्प्यातून गेलेल्या पण प्रशिक्षक न बदललेल्या संघांपेक्षा वेगळी नव्हती. सोल्शायर डिसेंबर २०१८ मध्ये युनायटेडला अंतरिम म्हणून आला आणि पहिले आठही सामने जिंकला. मार्चमध्ये पॅरिसला जाऊन पीएसजीला ३-१ हरवल्यावर त्याला कायम करा, हा सूर टिपेला पोचला. २८ मार्चला कायम केलं. त्यानंतर हंगामातल्या उरलेल्या दहा सामन्यांत दोनच विजय मिळाले. ज्या निर्णयाला उन्हाळ्यापर्यंत थांबता आलं असतं तो एका रात्रीच्या आनंदात झाला.

आता क्लबच्या आतल्या गोष्टी, ज्यांवर चाहते कमी बोलतात. खेळाडू कोण विकत घेतं? स्पोर्टिंग डायरेक्टर (खेळाडूंची खरेदी बघणारा क्लबचा अधिकारी) असेल आणि तो आपल्या नकाशाप्रमाणे खरेदी करत असेल, तर "मला सगळं माझ्या हातात हवं" म्हणणारा मोठा मॅनेजर तिथे टिकत नाही. स्लॉटला लिव्हरपूलने मॅनेजर नव्हे, हेड कोच (मुख्यतः संघाला शिकवणारा) हे पद दिलं, आणि त्याला ते चाललं. ब्रायटनचा मॅनेजर पॉटर क्लब सोडून गेला, डे झेर्बी आला, तो गेला आणि ३१ वर्षांचा ह्युर्झेलर आला. खरेदीचं धोरण क्लबचं असल्यामुळे दर वेळी पाया तोच राहिला. तोच पॉटर सप्टेंबर २०२२ मध्ये चेल्सीला गेला तेव्हा मालक नवे होते, खरेदीला धरबंध नव्हता, आणि जानेवारीत इतके खेळाडू आले की चॅम्पियन्स लीगच्या यादीत नव्यांपैकी तिघांनाच जागा देता आली. दर आठवड्याला डझनभर नाराज माणसं सांभाळत कोणती पद्धत शिकवायची? एप्रिलमध्ये त्याला काढलं. पॉटरच्या जागी दुसरा कोणी असता तर सगळं सुरळीत झालं असतं, असं मला वाटत नाही.

त्याच्याबरोबर कोण येतंय हेही विचारा. मॅनेजर एकटा काम करत नाही. इंग्लिश मॅनेजर ब्रायन क्लफ १९७४ मध्ये लीड्सला गेला तेव्हा त्याचा जोडीदार पीटर टेलर बरोबर गेला नाही, आणि क्लफ तिथे ४४ दिवस टिकला. पुढे दोघं नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्ये एकत्र आले आणि १९७९ व १९८० चा युरोपियन कप (चॅम्पियन्स लीगचं जुनं रूप) जिंकला. टेलरची खेळाडू हेरण्याची नजर आणि क्लफला वेळीच आवरण्याची ताकद, या दोन्ही गोष्टी लीड्समध्ये नव्हत्या. क्लफला लीड्समध्ये आणखीही अडचणी होत्या, आधीचा मॅनेजर डॉन रेव्हीच्या विजेत्या संघाला त्याने पहिल्या दिवसापासून दुखावलं होतं. पण त्याला सावरून घेणारं माणूस जवळ नव्हतं हे खरं.

माजी कर्णधाराबद्दल जरा सविस्तर, कारण या तटाच्या भावना सर्वांत तीव्र असतात आणि त्या मला समजतात. क्लबवरचं प्रेम ही खोटी पात्रता नाही. ड्रेसिंग रूममध्ये पहिल्या दिवशी मिळणारा आदर विकत घेता येत नाही. ग्वार्डिओलाला २००८ मध्ये बार्सिलोनाने नेमलं तेव्हा तो ३७ वर्षांचा होता आणि मोरिन्योचाही विचार झाला होता. पण ग्वार्डिओलाने आधीच्या वर्षी बार्सिलोनाच्या 'ब' संघाला चौथ्या स्तरातून वर आणलं होतं, आणि ते करताना लोकांनी त्याचं काम बघितलं होतं. पुढे आर्सेनलचा मॅनेजर झालेला आर्टेटा तिथलाच कर्णधार होता खरा, पण मधे तीन वर्षं तो ग्वार्डिओलाच्या हाताखाली शिकला. म्हणजे प्रेमाच्या जोडीला काम दाखवलेलं होतं. तुमच्या कर्णधाराने युवा संघात काय दाखवलंय? तिथे सतरा वर्षांचा मुलगा सांगितलेलं मुकाट्याने ऐकतो. वरिष्ठ संघात एकतीस वर्षांच्या, आपल्याबरोबर खेळलेल्या मित्राला बाकावर बसवायचं असतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा एजंट फोन करतो. दोन्ही कामं शिकवण्याचीच, पण दुसऱ्याला वेगळी कातडी लागते. शिवाय आवडत्या माणसाला काढावं लागलं की क्लब आणि चाहते दोघांनाही जखम होते, म्हणून क्लब त्याला काढायला उशीर करतो.

मोठ्या नावाबद्दल थोडक्यात सांगतो. ट्रॉफ्या खऱ्या आहेत, पण त्या कोणत्या वर्षी, कोणत्या खर्चात, आणि शेवटच्या दोन क्लबांत त्याने मागे काय ठेवून सोडलं ते बघा. जिंकायच्या उंबरठ्यावर असलेल्या संघाला असा माणूस आत ढकलू शकतो. पुनर्बांधणीच्या मधोमध असलेल्या संघात तो अनुभवी, महागडे खेळाडू मागतो, आणि तो गेल्यावर त्यांचे करार क्लबच्या गळ्यात राहतात.

"वेळ द्या" हा युक्तिवादही येईल, आणि त्यात फर्ग्युसन येईलच. नोव्हेंबर १९८६ मध्ये तो मँचेस्टर युनायटेडला आला, १९८९ च्या डिसेंबरात त्याने जावं असे फलक झळकले, आणि १९९० मध्ये पहिली ट्रॉफी मिळाली. पी हळद हो गोरी असं फुटबॉलमध्ये होत नाही, मान्य. पण नुसता वेळ देणं पुरत नाही, त्या वेळात काय दिसलं पाहिजे ते ठरवा. आर्टेटाचं आर्सेनल २०१९-२० आणि २०२०-२१ मध्ये दोन्ही वेळा आठवं आलं. पण दुसऱ्या हंगामात त्यांनी ३९ गोल खाल्ले, लीगमधले तिसरे सर्वांत कमी. साका, स्मिथ रो यांच्यासारखी पोरं आत येत होती, न पटणारी मोठी नावं बाहेर जात होती. क्रमांक तोच राहिला तरी खाली काम चालू होतं. असं काही दिसत असेल तर थांबा. दोन वर्षांत गोल खाण्याची तऱ्हाही बदलली नसेल, तर फर्ग्युसनचं नाव घेऊन उपयोग नाही.

मग तुमच्या तिघांपैकी कोण? संघ तळाच्या तीन जागांपासून (जिथले संघ खालच्या स्तरात जातात) सुरक्षित अंतरावर असेल, तर मी माजी कर्णधाराला हंगाम संपेपर्यंत अंतरिम नेमेन. आणि नेमतानाच, सगळ्यांसमोर, हे स्पष्ट करेन की कायमचा निर्णय जूनमध्ये होईल आणि चार-सहा विजयांवर होणार नाही. त्याला स्वतःलाही हे न्याय्य आहे, त्याच्यावर खोटी आशा लादली जात नाही. त्या काळात क्लबने तरुण प्रशिक्षकाचा तपास करावा. माझा कल त्याच्याकडे आहे, पण एका अटीवर: त्याच्या क्लबने त्याचे चांगले खेळाडू विकल्यानंतरचा हंगाम त्याने सावरून नेलेला असला पाहिजे. तसा हंगाम त्याच्या खात्यात अजून आलेलाच नसेल, तर त्याची आक्रमक शैली कितीही डोळ्यांत भरो, मी थांबेन. त्याला आणायचं ते उन्हाळ्यातच, मध्यावर नको, आणि त्याच्या सहायकांसह.

संघ खरंच तळाशी असेल तर मात्र माझं उत्तर वेगळं आहे. तेव्हा यादीतला कोणीही नको. खाली जाणाऱ्या संघाला वाचवलेला, सेट-पीस (कॉर्नर, फ्री-किक) आणि बचाव पहिल्या आठवड्यात नीट करणारा माणूस सहा महिन्यांच्या करारावर आणा. कॉर्नर आणि फ्री-किकवरचे गोल थांबवायला दोन आठवडे पुरतात, बाकी कशालाही त्याहून जास्त वेळ लागतो. शैलीचा वाद मग जूनमध्ये, पहिल्या स्तरात राहून घाला.